तिला कोणीतरी रडवा

वॉल्टरने कॅमेरा डोळ्याला लावला नसता, तर त्या रविवारी मटणाचं इंद्याल गरम असतानाच सगळे जेवले असते.

बोटीवरून सुट्टीला आलेला हा धाकटा लेक या खेपेला हँडीकॅम घेऊन आला होता, आणि आल्यापासून भुईगावच्या त्या घरात कोणाला सुखाने शिंकता येत नव्हतं. केळीची बाग झाली, कोंबड्या झाल्या, आईचं ओरडणं झालं, सगळं त्या डब्यात गेलं. आज तर त्याला निमित्तच मिळालं होतं. बापाला, आलोशियसला, लकव्याचा झटका येऊन वर्ष झालं, माणूस वाचला, म्हणून आईने, रेजिनाने, सकाळी चर्चमध्ये आभाराची मिस्सा सांगितली होती. निर्मळहून आलोशियसची थोरली बहीण लूर्डस आली होती. बावखलाच्या, वाडीतल्या सामाईक तळ्याच्या, पाण्याच्या वाट्यावरून दोन वर्षं ह्या घराची पायरी न चढलेली बाई आपणहून आली, वर पिशवीभर सुकेळी, ती सुकवलेली गोड केळी, घेऊन आली, म्हणून रेजिना तिच्याशी फार जपून बोलत होती. जपून बोलायची सवय नसल्यामुळे अकरा वाजेपर्यंतच ती दमून गेली होती.

ओटीवरच्या बाकड्यावर आलोशियस नेहमीसारखा बसला होता. निकामी उजवा हात मांडीवर, खांद्यावर पंचा. समोर चटईवर त्याची अकरा महिन्यांची नात ब्रिटनी सुकेळ्याचा तुकडा चोखत होती. हे नाव वॉल्टरनेच बोटीवरून फोन करून सुचवलेलं. रेजिनाच्या जिभेवर ते अजून बसलं नव्हतं, ती नातीला सरळ 'पोरी' म्हणायची.

"ब्रिटनी, इकडे! काकाकडे बघ!" वॉल्टर गुडघ्यांवर रांगत म्हणाला.

ब्रिटनीने काकाला हिंग लावून विचारलं नाही. ती आजोबाकडे बघून हसत होती. वॉल्टरने कॅमेरा आणखी जवळ नेला, डोळा बाजूला घेतला, पुन्हा लावला.

"फ्रान्सिस," त्याने थोरल्या भावाला, पोरीच्या बापाला, हाक मारली, "हिचं तोंड असं काय रे?"

"असं म्हणजे?"

"वाकडं. हसताना एका बाजूला चाललंय."

फ्रान्सिस आत केकच्या खोक्याची दोरी सोडत होता. त्याला वाटलं, हा नेहमीचा फाजीलपणा. पण वॉल्टरचा आवाज फाजील नव्हता. तो सुरी तशीच हातात घेऊन बाहेर आला. त्याच्या मागून लूर्डस, तिच्या मागून पदराला हात पुसत रेजिना. सगळ्यांनी ब्रिटनीकडे बघितलं. एवढे लोक एकदम आलेले बघून ती हसायची थांबली आणि तिचं तोंड छान सरळ झालं.

"कुठे वाकडं आहे?" रेजिना वॉल्टरवर खेकसली. "चांगल्या दिवशी काहीतरी अभद्र बोलतोस!"

"आई, मी बघितलं. थांब, दाखवतो."

त्याने कॅमेऱ्याचा बाजूचा छोटा पडदा उघडला आणि टेप मागे नेली. काडेपेटीएवढ्या त्या पडद्यावर पाच डोकी वाकली. चित्र हललं, केळीचं पान दिसलं, रेजिनाचे पाय दिसले, आणि मग ब्रिटनीचा चेहरा. ती हसली. ओठाचं एक टोक वर चढलं, दुसरं तिथेच राहिलं.

मग सगळे एकदम बोलले.

"डावीकडे जातंय."

"उजवीकडे! तिची उजवी बाजू बघ ना."

"आपल्या बाजूने की तिच्या बाजूने?"

"कॅमेऱ्यात उलटं दिसतं काय रे, वॉल्टर?"

"कॅमेऱ्यात नाही, आरशात उलटं दिसतं. कॅमेऱ्यात सरळ दिसतं. म्हणजे... थांबा हं." वॉल्टरने स्वतःचा उजवा हात वर करून बघितला, मग डावा केला, आणि आपल्या यंत्रावरचा त्याचाच विश्वास थोडा उडाला.

ह्या सगळ्यात सुझान, ब्रिटनीची आई, एक शब्द बोलली नव्हती.

सुझानने ते आठ दिवसांपूर्वीच बघितलं होतं. मागच्या रविवारी, आंघोळ घालून पोरीला ओटीवर आणलं तेव्हा. दात येत असतील, असं तिने स्वतःला समजावलं आणि कोणाला सांगितलं नाही. सांगायचं कोणत्या तोंडाने? अंधेरीच्या ऑफिससाठी ती सकाळी सव्वासहाला घर सोडायची, रात्री परत यायची तेव्हा लेक झोपलेली असायची. आठवड्यातून एक दिवस आई होणाऱ्या बाईने सहा दिवस सांभाळणाऱ्यांना काय विचारायचं? लशीला गेली होती तेव्हा दवाखान्याच्या भिंतीवर एक तक्ता होता. बाळ अमुक महिन्यांचं झालं की नाव घेतल्यावर बघतं, टाटा करतं, बाबा-दादा म्हणतं. ब्रिटनी बाबा म्हणत नव्हती, दादा म्हणत नव्हती. ती फक्त "आव" म्हणायची.

झटक्यानंतर आलोशियसच्या तोंडातून एवढाच एक आवाज निघायचा. पाणी हवं, आव. कोण आलं, आव. नको, आव. आणि बोलताना त्याचं तोंड एका बाजूला ओढलं जायचं. सुझान आठ दिवस ह्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघत होती आणि एकमेकींपासून लांब सारत होती. आज वॉल्टरने सगळ्यांच्या देखत त्या एकत्र आणल्या.

"बाबांसारखंच होतंय तिचं," ती म्हणाली. बोलताना तिला स्वतःचाच राग आला.

बाकड्यावर आलोशियसने मान वर केली. त्याला बोलता येत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. घरातले लोक हे वर्षभर सोयीने विसरत आले होते.

"काय बोलतेस गो?" लूर्डसने कमरेवर हात ठेवले. "लकवा काय खोकला आहे, ह्याचा त्याला लागायला?"

"लागतो असं नाही म्हणत मी, आत्या. पण घराण्यात असेल तर? रक्तात असेल तर?"

"आमच्या घराण्यात कोणालाच नव्हता. आमचा बा ऐंशीव्या वर्षी माडावर चढायचा. नजर आहे ती. पोरगी गोरी, वरून हा ऊठसूट फोटो काढतो. मिठमोहऱ्या आण, रेजिना."

"आज सकाळी मिस्सा झाली, आणि आज मिठमोहऱ्या?"

"मिस्सा आजोबाची झाली. पोरीची कुठे झाली?"

एरवी ह्यावर रेजिनाने नणंदेला चार शब्द सुनावले असते. पण आज ती नुसती उभी राहिली. फ्रान्सिसला ते विचित्र वाटलं.

"बाबांचं कुठल्या बाजूला आहे?" त्याने विचारलं.

हा प्रश्न विचारल्यावर सगळ्यांनी आलोशियसकडे बघितलं, आणि मग सगळ्यांनाच जरा ओशाळल्यासारखं झालं. वर्षभर रोज ज्याला जेवू घातलं, त्याचं तोंड कुठल्या बाजूला ओढतं हे कोणालाच धड सांगता येईना.

"डावीकडे," अखेर वॉल्टर म्हणाला. "उजवी बाजू गेलीय ना त्यांची. म्हणून डावीकडे ओढलं जातं."

"आणि हिचं?"

"उजवीकडे."

"मग झालं तर!" लूर्डसने टाळी वाजवली. "ह्याचं डावीकडे, हिचं उजवीकडे. आजार एक नाही."

"म्हणजे दुसरा आहे?" सुझान म्हणाली, आणि लूर्डसचे हात हवेतच राहिले.

फ्रान्सिसने आत जाऊन गावातल्या डॉक्टरांना फोन लावला. रविवार होता, डॉक्टर जेवायला बसले होते, पण फोनवर आले. फ्रान्सिस जे सांगत होता त्यात डावं-उजवं इतक्या वेळा आलं की डॉक्टर म्हणाले, बाजू राहू दे, मला एवढंच सांग, दूध पिताना ओठातून गळतं का? नाही. झोपेत दोन्ही डोळे नीट मिटतात? हो, बहुतेक. बहुतेक म्हणजे? फ्रान्सिसला माहीत नव्हतं, त्याने ओरडून सुझानला विचारलं, सुझानने रेजिनाला, आणि उत्तर त्याच वाटेने परत आलं. मिटतात.

"मग आता असं करा," डॉक्टर म्हणाले. "ती रडेल तेव्हा नीट बघा. रडताना तोंडाच्या दोन्ही बाजू सारख्या हलल्या तर घाबरायचं कारण नाही. रडतानाही वाकडंच राहिलं, तर मात्र आजच्या आज मुंबईला न्या. थांबू नका. काय ते मला कळवा."

फ्रान्सिस रिसीव्हर ठेवून क्षणभर तिथेच थांबला. शोकेसमध्ये, घरच्या आल्तारावरून, येशूच्या देव्हाऱ्यावरून, उतरवलेल्या जुन्या मेणबत्त्यांशेजारी, त्याने आणि सुझानने घेतलेल्या चंदनसारच्या फ्लॅटची किल्ली होती. महिनाभर ती तिथे पडून होती. सुझानची बहीण त्याच बिल्डिंगमध्ये राहायची, दिवसभर घरी असायची, तिची दोन पोरं तोंडाला खीळ नसल्यासारखी बोलायची. सुझानचं म्हणणं होतं, तिकडे जाऊ. आईचं म्हणणं होतं, माझ्या मढ्यावरून जा. फ्रान्सिसचं म्हणणं कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारू नये अशीच त्याची इच्छा होती.

तो बाहेर आला आणि डॉक्टरांचा निरोप सांगून म्हणाला, "तिला कोणीतरी रडवा."

आता वाचकाला वाटेल, अकरा महिन्यांचं पोर रडवायला काय लागतं? पण ज्याने वेळेवर ऑफिसला जाण्याच्या घाईत रडकं पोर सांभाळलंय त्याला विचारा. हवं तेव्हा ते गप्प होत नाही, आणि हवं तेव्हा रडतही नाही. ब्रिटनी त्या दिवशी फार खुशीत होती. तिच्याभोवती सगळं घर गोळा झालं होतं, आणि ते आपल्याच करमणुकीसाठी असणार यात तिला शंका नव्हती.

लूर्डसने तिच्या हातातलं सुकेळं काढून घेतलं. ब्रिटनीने दुसरा हात पुढे केला, त्यातही एक होतं, तेही आत्याआजीला देऊन टाकलं. वॉल्टरने डोळे वटारून वाघासारखी डरकाळी फोडली. ती खदखदून हसली. त्याने पुन्हा फोडली, ती पुन्हा हसली, आणि थांबून त्याच्याकडे बघत राहिली, आता पुढची कधी म्हणून.

"चिमटा काढ," लूर्डस म्हणाली.

"मी नाही काढणार. सुझान, तू काढ."

"मी का? फ्रान्सिस, तू काढ."

फ्रान्सिसने वाकून लेकीच्या दंडाला हात लावला. तिने त्याचं बोट धरलं. त्याचा चिमटा काही झाला नाही.

"हिला कॅमेरा देऊन काढून घ्यावा का?" वॉल्टर म्हणाला.

"थाळी आपटा."

थाळी आपटली. कोंबड्या पळाल्या, शेजारचा कुत्रा भुंकायला लागला, ब्रिटनीने चटईवर तीनदा हात आपटून थाळीला उत्तर दिलं. मधूनच ती आजोबाकडे वळून हसायची, आणि प्रत्येक वेळी तोंड उजवीकडे जायचं, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणायचं, "बघ, बघ, आता!" दुसरा म्हणायचा, "नाही, आता सरळ आहे." काकाकडे बघताना सरळ, आईकडे बघताना सरळ, मग एकदम वाकडं. अर्ध्या तासात घरातल्या कोणाचाच स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास उरला नाही.

"मी उद्या तिला चंदनसारला नेते," सुझान म्हणाली.

ती रडत नव्हती. ती ठरवून बोलत होती, ते जास्त वाईट होतं.

"काही असो की नसो. दिवसभर एका जागी, एका माणसासमोर... बाबा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पण तिच्याशी कोणी बोलायला नको का? कोणी गाणं म्हणायला, नाव सांगायला? अकरा महिन्यांची झाली, ती नुसती आव आव करते. तिला त्याहून वेगळं काही ऐकायलाच मिळत नाही."

"सुझान!" लूर्डस म्हणाली. गेली पाच वर्षं ह्या सुनेविषयी चांगला शब्द न काढलेली लूर्डस आता भावासाठी पदर खोचून उभी राहिली. "माझ्या भावाने काय केलंय? तू पगार आणतेस तेव्हा तुझी पोरगी कोण सांभाळतो? त्याच्या तोंडावर त्याच्या नातीला पळवतेस? रेजिना, तू बोल काहीतरी!"

सगळ्यांनी रेजिनाकडे बघितलं. माझ्या मढ्यावरून जा, हे वाक्य आता येणार म्हणून फ्रान्सिसने मान खाली घातली.

"घेऊन जा पोरीला," रेजिना म्हणाली.

"काय?"

"जा घेऊन. तिथे चांगली बोलेल."

रेजिनाने हे एवढ्या घाईने म्हटलं की तिला स्वतःलाही ते नीट कळलं नाही. रात्रंदिवस ज्या फ्लॅटला शिव्या दिल्या, त्याचीच बाजू ती का घेत होती? पण खरं कारण तिला आत कुठेतरी माहीत होतं. तो चेहरा. झटक्याच्या दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात तिने नवऱ्याचं तोंड बघितलं आणि तेव्हापासून पुन्हा नीट बघितलं नव्हतं. ती त्याला भरवायची ते घासाकडे बघून, पुसायची ते पंच्याकडे बघून. कोणी त्याला काही विचारलं तर तो तोंड उघडण्याआधी हीच उत्तर द्यायची: त्यांना चहा नको, त्यांचं दुखत नाही, त्यांना झोप आलीय. लोक म्हणायचे, किती सेवा करते! तीही तसंच समजायची. आणि आता तेच वाकडं तोंड नातीच्या गालावर उमटलेलं बघून तिला एकच गोष्ट सुचत होती, की पोरीला ह्यातून उचला आणि लांब न्या.

आलोशियसने सगळं ऐकलं. बहिणीचं ऐकलं, सुनेचं ऐकलं, आणि बायकोचं ऐकल्यावर त्याने पोरीकडे बघितलं.

गेले सहा महिने त्याची सकाळ तिच्यापासून सुरू व्हायची. नऊ वाजता रेजिना बागेत जायची आणि ब्रिटनीला चटईवर त्याच्यासमोर ठेवून जायची. तो डाव्या हाताने सोनचाफ्याच्या कळ्यांच्या पुड्या बांधायचा. दहा कळ्यांची पुडी, वर केळीच्या सोपटाच्या दोरीची गाठ. एका हाताने गाठ पडायची नाही, म्हणून सोपटाचं एक टोक तो दातात धरायचा. एकदा ते टोक सुटलं आणि समोरच्या पोरीने ते उचलून त्याच्याकडे धरलं. तिथून सुरुवात झाली. तो कळी द्यायचा, ती परत द्यायची. तो बाकड्यावर टकटक करायचा आणि थांबायचा. पहिल्या दिवशी ती नुसती बघत बसली. त्याला घाई नव्हती, घाई करण्यासारखं त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं. चौथ्या की पाचव्या दिवशी तिने चटईवर हात आपटला. त्याने पुन्हा टकटक केली, तिने पुन्हा आपटला. तो म्हणायचा आव, ती म्हणायची आव. तो पंचा तोंडावर घ्यायचा आणि एकदम काढायचा, ती किंचाळून हसायची. हे सगळं होईस्तोवर दुपार कधी व्हायची त्याला कळायचं नाही. दुसरं कोणी त्याच्या उत्तरासाठी थांबत नव्हतं. ती थांबायची, आणि वर्षभरात त्याच्या तोंडाकडे डोळे भरून बघणारी ती एकटीच होती.

आणि त्या बघण्याने तिला हे झालं होतं, असं सगळे म्हणत होते. त्याला लकव्याचं काही कळत नव्हतं. डावं-उजवंही कळलं नाही. एवढं कळलं की आपल्याकडे बघून पोरीचं तोंड बिघडलं. असेल. शिकलेली माणसं बोलतायत, असेल.

त्याने खांद्यावरचा पंचा काढला, तोंडावर घेतला, आणि डोकं भिंतीला टेकून बसून राहिला.

ते कोणी बघितलं नाही. फ्रान्सिस आणि सुझान उद्या ऑफिसला कोण दांडी मारणार यावर बोलत होते. लूर्डस रेजिनाला म्हणत होती, तुला झालंय तरी काय? वॉल्टर मात्र कॅमेरा बंद करायचा विसरला होता.

ब्रिटनीने बघितलं. पंचा वर गेला म्हणजे आता खाली येणार. ती दोन्ही हात छातीशी धरून तयार होऊन बसली. पंचा खाली आला नाही. तिने थोडी वाट बघितली. मग तिने चटईवर हात आपटला. काही नाही. पुन्हा आपटला, तीनदा, नीट. "आव," ती म्हणाली. पंच्यामागून काही आलं नाही. ती सरकत बाकड्यापर्यंत गेली, त्याच्या धोतराचं टोक धरलं, आणि वर बघून म्हणाली, "आव? आव?"

आलोशियस हलला नाही.

मग तिने ओठ बाहेर काढला आणि घर हादरेल असं भोकाड पसरलं.

"रडली!" वॉल्टर ओरडला.

सगळे धावले. फ्रान्सिस चटईवर पालथा पडला, लूर्डसने चष्मा सारखा केला, वॉल्टरने कॅमेरा तिच्या तोंडाजवळ नेला.

"सरळ आहे!"

"दोन्ही बाजू हलतायत! बघ, दोन्ही!"

"डोळे बघ, डोळे मिटतायत?"

"घट्ट मिटतायत! येशू, तुझे उपकार रे बाबा!"

लूर्डसने भावजयीला मिठी मारली, बावखल-बिवखल विसरून. फ्रान्सिस फोनकडे पळाला. सगळं घर आनंदाने ओरडत होतं, आणि मधोमध पोरगी छाती फुटेस्तोवर रडत होती आणि तिला उचलून घ्यायचं कोणाला सुचत नव्हतं.

सुझानला सुचलं. ती वाकली, हात पुढे केले, आणि तशीच थांबली. ब्रिटनीने आईकडे बघितलंही नव्हतं. ती रडत रडत त्या पंच्याकडे बघत होती, आणि रडण्यातून मध्ये जरा जागा मिळाली की हात आपटत होती. तीनदा. थांबत होती. आणि पुन्हा रडत होती.

"बाबा," सुझान म्हणाली. "बाबा, ती तुम्हाला हाक मारतेय."

पंचा हलला नाही.

"बाबा, उत्तर द्या ना तिला."

पंच्यामागून मान नकारार्थी हलली. त्याने पोरीपासून आपलं तोंड लपवलंय, हे सुझानला तेव्हा समजलं. तिने सासऱ्याच्या समोर, लेकीच्या अगदी शेजारी बसकण मारली. पण पंच्याला हात लावला तो रेजिनाने. नणंदेच्या मिठीतून ती कधी सुटली आणि बाकड्याशी कधी आली, कोणाला दिसलं नाही. तिने पंचा हळूच खाली ओढला.

त्याचं तोंड भिजलेलं होतं. रेजिनाने ते बघितलं. ह्या वेळी तिने पंच्याकडे नजर नेली नाही.

ब्रिटनीचा आवाज मधल्या मध्येच बंद झाला. आलोशियसने तिच्याकडे बघितलं. इच्छा नसताना त्याच्या ओठाचं डावं टोक वर गेलं. समोर बसलेल्या नातीचं उजवं टोक वर गेलं, अश्रू तसेच गालावर.

सुझान तिच्या शेजारीच बसली होती, म्हणून जे लेकीला दिसत होतं तेच तिला दिसलं. सासऱ्याची डावी बाजू, आणि समोर बसणारीची उजवी. ती इतका वेळ आपल्या मुलीच्या तोंडाकडे बघत होती. मुलगी कोणाकडे बघतेय, ते तिने एकदाही बघितलं नव्हतं.

"काही नाही झालेलं तिला," ती सावकाश म्हणाली. "ती त्यांच्यासारखं हसते. आरशात बघितल्यासारखं. समोर जे दिसतं तेच करते."

"म्हणजे डावं की उजवं?" वॉल्टरने विचारलं.

"गप बस रे!" लूर्डस म्हणाली. पण तिलाही कळलं नव्हतं. ती सुझानजवळ वाकली. "मग आता उद्याचं काय गो? नेतेस की नाही पोरीला?"

फ्रान्सिस फोन ठेवून दारात आला होता. आतल्या शोकेसमध्ये किल्ली होती तिथेच होती. सगळे सुझानकडे बघत होते. तिला काही कळेनासं झालं. पोरीला शब्द हवे होते, हे खरंच होतं. ती सकाळी सव्वासहाला जाणार, हेही खरं होतं. ह्या माणसाने एकही शब्द न बोलता तिच्या लेकीला वाट बघायला शिकवलं होतं, उत्तर द्यायला शिकवलं होतं, आणि ते कुठल्याच तक्त्यावर लिहिलेलं नव्हतं.

"बाबांना विचारते," ती म्हणाली.

घरात हे कोणी वर्षभरात केलं नव्हतं. सुझानने सासऱ्याकडे बघितलं.

"बाबा, उद्यापासून ही तुमच्याकडेच राहू दे? शब्द मी शिकवीन, रात्री उशीर झाला तरी उठवून शिकवीन. दिवसभर तुम्ही सांभाळाल?"

"अगं, त्यांना कुठे झेपतं—" रेजिनाने सवयीने तोंड उघडलं, आणि मग तिने ते स्वतःच्या हाताने दाबून धरलं.

सगळे थांबले. आलोशियसचा ओठ हलला, आवाज आला नाही. लूर्डसला राहवेना, तिने पदर तोंडात धरला. मग त्याने डावा हात उचलला आणि बाकड्यावर टकटक केली. एकदा. दोनदा. तीनदा.

"म्हणजे हो की नाही?" फ्रान्सिसने विचारलं.

कोणालाच काही कळलं नाही. पण ब्रिटनीने तेवढ्यात चटईवर हात आपटून त्याला उत्तर दिलं होतं, आणि आता त्याची पाळी होती.